दुसऱ्याची तालीम

आमच्या वेळी नांदेडात गाणं शिकणं म्हणजे निम्मं स्वतःचं म्हणणं आणि निम्मं दुसऱ्याचं ऐकणं होतं. निम्मं कसलं, दुसऱ्याचंच जास्त.

१९८० च्या आसपासची गोष्ट. वजिराबादेतल्या एका माडीवर लांबट खोली, विरलेली सतरंजी, कोपऱ्यात गवसणी घातलेले दोन तानपुरे, एक पेटी, एक तबल्याची जोडी. सहा ते आठ क्लास. पंधरा-वीस पोरं-पोरी एकाच वेळी बसायची, कुणी प्रारंभिकचा, कुणी मध्यमेची, एखादा मिसरूड फुटलेला दादा विशारदचा. गुरुजी एकेकाला पुढं बोलवायचे. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटं यायची, मर्जी असली तर थोडी जास्त. बाकीचा वेळ भिंतीला टेकून बसायचं. आपलं झालं म्हणून उठून जाणं हा उद्धटपणा समजला जाई.

त्या बसण्यात काय काय कानावर पडलं ते आता लक्षात येतं. एक मुलगी देसकार शिकत होती. भूप आणि देसकार या दोन रागांत स्वर तेच पाच, सा रे ग प ध. मध्यम आणि निषाद दोन्हींत वर्ज्य. पुस्तकात फरक दोन ओळींचा. भूप कल्याण थाटाचा, वादी गंधार, संवादी धैवत, वेळ रात्रीचा पहिला प्रहर. देसकार बिलावल थाटाचा, वादी धैवत, संवादी गंधार, वेळ सकाळची. ह्या दोन ओळी कुणीही पाठ करील. पण ती मुलगी देसकार म्हणायला बसली की तिसऱ्या आलापाला हमखास गंधारावर जाऊन विसावायची आणि गुरुजी डोळे न उघडता म्हणायचे, "भूप झाला." पुन्हा पहिल्यापासून. धैवतावर उभी राहा, गंधाराला नुसता हात लाव, थांबू नको, पंचमाकडं परत फीर. पुन्हा तेच. "भूप झाला." कधीकधी ती रडकुंडीला यायची. तिला देसकार पुरता आला की नाही हे मला सांगता येणार नाही, पण भिंतीला टेकलेल्या आम्हा सगळ्यांना आला. मी तेव्हा प्रवेशिकेला होतो. देसकार माझ्या अभ्यासक्रमात नव्हतासुद्धा.

आता लातुरात मी ज्या क्लासच्या वरच्या मजल्यावर राहतो तिथं ही भानगड नाही. औसा रोडवरचा फ्लॅट, दिवाणखान्यात गालिचा, एसी, भिंतीवर सरस्वती. साडेपाचला एक मुलगी येते, सव्वासहाला जाते, ती चपला घालत असताना दुसरी आत शिरते. दोघींची ओळख म्हणजे जिन्यातलं हसणं. 'स्लॉट' हा शब्द आता शिकवणारे, शिकणारे आणि पैसे भरणारे, सगळेच वापरतात. त्या पंचेचाळीस मिनिटांत बाई जीव तोडून शिकवतात हे मी रोज वरून ऐकतो. आमच्या गुरुजींनी आठवड्याभरात एकाला जेवढा वेळ दिला नसेल तेवढा त्या एका बैठकीत देतात. सुरांना ह्या मुली आमच्यापेक्षा पक्क्या आहेत, यात शंकाच नको. प्रत्येकीजवळ मोबाइलवर ट्यूनर असतो. षड्ज केसभर खाली गेला तर काटा लाल होतो. आमचा काटा म्हणजे गुरुजींची भुवई.

आमच्या माडीला कुणी महाविद्यालय म्हटलं असतं तर घरमालकही हसला असता. पण दारावर 'संगीत विद्यालय' अशी पाटी होती आणि ती खोटी नव्हती. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गाण्याला वर्ग, वही, फी आणि परीक्षा असू शकते, चांगल्या घरच्या मुलामुलींनी चारचौघांत बसून ते शिकावं, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. १९३१ मध्ये मिरजेला ते वारले आणि त्याच वर्षी शिष्यांनी मिळून अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. त्या मंडळाची परीक्षा केंद्रं पुढं निजामाच्या तावडीतून सुटलेल्या आमच्या मुलखातही आली. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, मग विशारद, आणि ज्याची छाती असेल त्यानं अलंकार. ही नावं घरातल्या आजीलाही पाठ असत. पाहुणे आले की आधी विचारत, "कितवी चालू आहे?" आणि उत्तर मिळालं की लगेच, "मग म्हण बघू एखादं नाट्यगीत."

पुस्तकं दोन घराण्यांची. एकीकडं भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तक मालिकेचे सहा भाग, दुसरीकडं विनायकबुवा पटवर्धनांच्या रागविज्ञानाचे सात. पहिल्यात भातखंडे लिपी, दुसऱ्यात पलुस्कर लिपी. गंमत अशी की भातखंड्यांच्या लिपीत स्वराच्या डोक्यावर टिंब असलं की तो तार सप्तकातला, आणि पलुस्कर लिपीत डोक्यावर टिंब म्हणजे मंद्रातला. आमच्यातल्या एकानं कुणाच्या तरी घरून रागविज्ञानाचा भाग आणून भातखंडे लिपीच्या हिशेबानं बंदिश बसवली. खाली खर्जात उतरायच्या जागी तो गळ्याच्या शिरा ताणून वर चढत होता. गुरुजींनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आवाज चांगलाय तुझा. टिंबं वाच."

परीक्षेचे दिवस उन्हाळ्यात. नांदेडचा एप्रिल-मे म्हणजे दुपारी डांबर चिकटतं आणि तबल्याची शाई-पुडी इतकी सुकते की स्वर आपोआप चढतो. गट्टे ठोकून उतरवावा तर तासाभरात पुन्हा वर. परीक्षक परगावचे असत आणि एसटीनं येत. त्यांना आणायला स्टँडवर कोण जाणार यावर चुरस, कारण जो जाईल तो येताना रिक्षात थोडी ओळख करून घेणार अशी सगळ्यांची खात्री. लेखी पेपर सकाळी, क्रियात्मक दुपारनंतर. आत बोलावलं की परीक्षक आधी ताल विचारत, हातानं टाळी-खाली देऊन एकपट, दुगुन, चौगुन. गळा चांगला असलेले बरेच जण झपतालाच्या चौगुनीला गळपटत. मग आलाप गाऊन राग ओळखा. मग वही उघडायला लावत आणि कुठल्या तरी पानावर बोट ठेवून म्हणत, "हे म्हणा." ती वही आमची खरी मालमत्ता. गुरुजींनी तोंडी सांगितलेल्या बंदिशी, अस्थायी-अंतरा, तानांच्या रांगा, सगळं निळ्या शाईत, आणि मध्येच एखाद्या पानावर वाण्याचा हिशेब.

शास्त्राच्या पेपराला संगीतज्ञांची चरित्रं यायची. अमीर खुस्रो, तानसेन, स्वामी हरिदास, शार्ङ्गदेव. शार्ङ्गदेवावर आम्ही ठराविक दहा ओळी लिहायचो. 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ, सात अध्याय, बावीस श्रुती, तेरावं शतक, यादवांचा दरबार. पुढं केव्हा तरी दौलताबादच्या किल्ल्यावर सहल गेली तेव्हा एकाला एकदम उमगलं की यादवांचा दरबार म्हणजे हाच देवगिरी, आणि ज्या ग्रंथाचं नाव हिंदुस्थानी आणि कर्नाटकी दोन्हीकडचे आदरानं घेतात तो आपल्या मराठवाड्यात लिहिला गेला. हे आम्हाला पेपरात पाच गुणांसाठी माहीत होतं, आपलं म्हणून माहीत नव्हतं. शिकवणाऱ्यांनी कधी सांगितलंही नाही. गाणं म्हणजे ग्वाल्हेर, किराणा, जयपूर, आग्रा. म्हणजे ते कायम दुसऱ्याच्या गावचं, असंच आम्ही धरून चाललो होतो.

तसं आमच्या गावात काही कमी नव्हतं. पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकर होते. भरताच्या नाट्यशास्त्रावर ते बोलायला लागले की गाण्याची पोरंही मागच्या बाकांवर जाऊन बसायची. सगळं समजायचं असं नाही, पण आपण शिकतो त्याला एवढं मोठं शास्त्र आहे हे कळून छाती फुगायची. १९८२ च्या फेब्रुवारीत ते औरंगाबादला व्यासपीठावरच गेले. नांदेडचे अण्णासाहेब गुंजकर हे नाव आमच्या गुरुजींच्या पिढीत कान पकडून घेतलं जायचं. त्यांचे शिष्य नाथराव नेरळकर नांदेडचेच. पुढं औरंगाबादला जाऊन त्यांनी अनंत संगीत महाविद्यालय उभं केलं, संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळवला. २०२१ च्या मार्चमध्ये ते गेले. लातुरात शांताराम चिगरी गुरुजींचं नाव असंच. एका जिल्ह्याच्या गावात दोन-तीन माणसं हयातभर शिकवत बसली की तिथं गाणं टिकतं. बाकी सगळी सोय नंतरची.

आणि गुरुद्वारा. नांदेडच्या बाहेरच्या लोकांना हे सांगावं लागतं की सचखंड हुजूर साहिब ही आम्हा गाणाऱ्या पोरांची फुकटची मैफल होती. गुरू ग्रंथ साहिबची रचनाच रागांवर आहे, मुख्य राग एकतीस, सुरुवात सिरी रागानं आणि शेवट जयजयवंतीनं. पहाटे 'आसा दी वार' चालू असायची. रागी मंडळी बसलेली, पुढं वाजा, बाजूला तबला. आसा, माझ, वडहंस असे राग आमच्या अभ्यासक्रमात कुठं नव्हतेच. आम्ही डोक्याला रुमाल बांधून मागं बसायचो आणि हा कोणता थाट, निषाद कोमल की शुद्ध, म्हणून कुजबुजायचो. एकदा एका वृद्ध सरदारजींनी मागं वळून ओठांवर बोट ठेवलं आणि नंतर लंगरमध्ये आम्हाला शोधून काढून विचारलं, "हां, अब बताओ, क्या पूछ रहे थे?" २००८ मध्ये गुरुतागद्दीची तीनशे वर्षं साजरी झाली तेव्हा नांदेडचे रस्ते रुंद झाले, विमानतळ सुधारला, गावाचा चेहरा बदलला. आज तिथलं कीर्तन जगात कुठंही मोबाइलवर ऐकता येतं. ऐकणारे लाखोंनी वाढले असतील. मागून वळून दटावणारं मात्र कुणी नाही.

तानपुऱ्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण ती लातूरशी जोडलेली आहे.

तानपुरा मिरजेचा. दुसरीकडून आणला असं कुणी सांगितलं तर लोक संशयानं बघत. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागात पिकणारा कडू भोपळा, त्यावर मिरजेच्या सतारमेकर मंडळींचं पिढीजात काम. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला वाटलं, हे आमच्या गुरुजींनी चाळीस वर्षांपूर्वीच देऊन टाकलं होतं. तर आमच्या क्लासचा दुसरा तानपुरा मिरजेहून यायचा होता. तो आणायला दोघं गेले. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरपर्यंत एसटी. लातूरहून पुढं बार्शी लाइट. ती अडीच फुटी रुळांची नॅरोगेज गाडी, ढोकी, येडशी, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर करत मिरजेला जायची. तिच्यातून उतरून धावत पुन्हा चढता येतं अशी ख्याती होती. येताना तानपुरा कापूस आणि गोधडीत गुंडाळलेला, गवसणीच्या वर पोतं. डब्यात माणसांना उभं राहायला जागा नाही आणि ह्या दोघांनी भोपळा मांडीवर घेतलेला. एका म्हातारीनं विचारलं म्हणे, "बाळा, आजारी हाय का कोन?" नांदेडला पोचल्यावर खोलून बघितलं तर एक खुंटी सैल, बाकी ठणठणीत. त्या दिवशी क्लासमध्ये गाणं झालं नाही. गुरुजी घोडीवर तारेखाली दोरा सरकवत बसले. जवारी लागेपर्यंत तासभर. दोरा केसाएवढा मागं-पुढं झाला तरी तार कधी मुकी वाटायची, कधी किरकिरायची, आणि मग एका क्षणी चारही तारा मिळून खोलीत भरून राहिल्या. नुसतं ते ऐकायला खालचा दुकानदार वर आला.

नंतर इलेक्ट्रॉनिक पेट्या आल्या. तानपुऱ्यासाठी 'रागिणी', तबल्यासाठी 'तालमाला'. आणि मराठवाड्यात आलं भारनियमन. ऐन रियाजात वीज गेली की रागिणी गप्प. सेल घालायची सोय असायची, पण सेल उतरायला लागले की षड्जही हळूहळू उतरायचा, गाणाराही त्याच्याबरोबर उतरायचा आणि दोघांनाही पत्ता नसायचा. आता मोबाइलवर आयतबला किंवा तानपुरा ड्रॉइड असतो, हवी ती पट्टी, हवी ती लय. लातुरातल्या खालच्या क्लासात खरा तानपुरा आहे, मिरजेचाच. तो सरस्वतीपूजनाला आणि फोटोला काढतात. बाईंचा दोष नाही. प्रत्येक मुलीची पट्टी वेगळी, आणि पंचेचाळीस मिनिटांत दहा मिनिटं तारा जुळवण्यात घालवली तर जिन्यात बसलेली आई घड्याळ बघते.

मिरज-लातूर रुळांची मला आणखी एक आठवण आहे, तीही गाण्याच्या बाहेरची नाही. दुष्काळात, १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे, मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला आली. तोवर रूळ ब्रॉडगेज झाले होते. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागलेलं गाव, नळ नाही, शिकायला आलेली पोरं खोल्या सोडून आपापल्या गावी गेलेली. गाणं शिकणाऱ्यांची परीक्षा नेमकी त्याच दिवसांत. घसा कोरडा पडला तर प्यायला घोटभर पाणी हातात घेऊन मुलं केंद्रावर आली होती. ज्या मिरजेहून आम्ही तानपुरे आणले तिथून आता पाणी आलं, असं मी केंद्रावरच्या एका जुन्या तबलजीला म्हटलं. तो म्हणाला, "तानपुरा नसला तर चालतंय हो. पाण्याचं सांगा."

बँकेच्या बदलीनं मी लातूरला आलो आणि इथलाच झालो. निवृत्तीनंतर परीक्षेच्या दिवसांत केंद्रावर पेटीच्या साथीला बसतो, म्हणून आजची मुलं जवळून दिसतात. लातूर आणि नांदेड, दोन्ही गावं आता डॉक्टर-इंजिनिअर घडवण्याच्या क्लाससाठी ओळखली जातात. सकाळी कॉलेज, दुपारी फिजिक्स, संध्याकाळी केमिस्ट्री, यात गाण्याला जागा कशी मिळते? मिळते, कारण दहावीला शास्त्रीय कलेच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात. त्यामुळे आठवी-नववीत प्रवेश घेणाऱ्यांची गर्दी होते आणि पालकांचा पहिला प्रश्न राग-तालाचा नसतो, "किती परीक्षा झाल्या की मार्क लागतात?" हा असतो. मला सुरुवातीला राग यायचा. पण विचार केला तर आमच्या आई-वडिलांनी तरी कोणत्या साधनेसाठी पाठवलं होतं? मुलीला गाणं येतं हे स्थळ बघायला आलेल्यांना सांगता यावं म्हणून. वाढीव गुणांचा हेतू त्यापेक्षा वाईट नाही. दहावी झाली की दहातले आठ सोडतात हेही खरं, आणि आमच्यातल्या मुली मध्यमेला लग्न होऊन जायच्या, पुढं कुठं गाताना दिसायच्या नाहीत, हेही खरं. ती देसकारवाली पुढं गायली असेल असं मला वाटत नाही.

आमच्या सतरंजीवर कोण बसायचं हेही सांगायला हवं, नाहीतर ही सगळी आठवण खोटी पडेल. वकिलाची, मास्तराची, डॉक्टरची, व्यापाऱ्याची मुलं. लोह्याकडचा एक मुलगा यायला लागला होता. गावच्या भजनी मंडळात पखवाजावर थाप पडली की काळी पाचमध्ये खणखणीत अभंग उचलणारा. त्याला आमच्यात पांढरी एकमध्ये बसवलं, मंद्राचे पलटे घोटायला लावले आणि त्याच्या उच्चारांवर पोरं हसली. महिन्याभरात यायचा बंद झाला. त्याच्या आवाजाच्या पासंगालाही आमच्यातला कुणी नव्हता. गावोगाव असे गळे होते. लातूरकडच्या गावांतून मन्मथस्वामींचे अभंग म्हणणारी शिवभजनी मंडळं, माळेगावच्या जत्रेतले वाघ्या-मुरळी, कंधारच्या उरुसातले कव्वाल. त्यांचं गाणं आणि आमचं गाणं एकाच एसटीनं प्रवास करायचं, पण शेजारी बसायचं नाही.

हे बदललं, आणि बदललं ते चांगलं झालं. १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं, विष्णुपुरीच्या आवारात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आलं. लातूरच्या दयानंद कला महाविद्यालयात संगीत विषय घेऊन पदवी करता येते. पूर्वी एम.ए. संगीत म्हटलं की पुणं-मुंबई, नाहीतर खैरागडचं नाव निघायचं. आता अहमदपूर-उदगीरच्या खेड्यातला मुलगा एसटीचा पास काढून ते करतो. आळंदीला वारकरी शिक्षण घेतलेली पोरं इथं येऊन विशारद करतात, आणि परीक्षेला बसली की त्यांची लय बघून परीक्षक मान हलवतात. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात भारुड, पोवाडा, शास्त्रीय गायन एकाच मांडवात होतं. ज्या आवाजावर आम्ही हसलो तो आवाज आता तिथं बक्षीस घेतो.

दडवादडवीही कमी झाली. आमच्या काळी एक बुवा होते. नाव सांगत नाही, माणूस मोठा होता. एका अप्रसिद्ध रागाची चीज ते शिष्यांना फक्त अस्थायीपर्यंत द्यायचे. अंतरा 'योग्य वेळी'. ती वेळ यायच्या आत ते गेले. आज तोच राग कुणीही रात्री दोन वाजता पांघरुणात पडून ऐकतो, अंतऱ्यासकट, चार घराण्यांच्या चार तऱ्हांनी. आम्ही शनिवारी रात्री साडेनऊच्या आकाशवाणीच्या राष्ट्रीय कार्यक्रमासाठी शेजारच्यांच्या घरी जायचो. १९५२ पासून चालत आलेला तो कार्यक्रम. खरखर, मध्येच लांब गेलेला आवाज, आणि गुरुजींची सक्त ताकीद की सोमवारी काय ऐकलं ते सांगायचं. पुण्याच्या आलुरकरांची एखादी कॅसेट कुणी आणली तर ती क्लासभर फिरून परत यायची तेव्हा पातळ झालेली असायची. मैफल प्रत्यक्ष ऐकायची ती गणेशोत्सवात. आता नांदेडला दर फेब्रुवारीत संगीत शंकर दरबार भरतो, मोठमोठे कलावंत येऊन जातात, दिवाळी पहाटेला गोदावरीच्या घाटावर माणूस मावत नाही.

मग तक्रार काय? एकच, आणि ती केंद्रावर पेटी वाजवताना दरवेळी जाणवते. ॲपबरोबर तयार झालेला मुलगा जिवंत तबलजीबरोबर बसला की बावचळतो. ॲपचा तीनताल कुणासाठी थांबत नाही आणि कुणावर धावूनही जात नाही. तबलजी माणूस आहे, तो किंचित पुढं जातो, तुम्ही ओढलंत तर ओढला जातो, समेला डोळा मिचकावतो. त्या मुलाला हे संकट वाटतं. आमच्या माडीवर तबल्याला बसणारा पोरगाही शिकाऊच असायचा, त्याची लय पळायची, आणि गाणाऱ्यानं तिला धरून आणायचं हेही शिक्षणातच धरलेलं. चुका समोर, सगळ्यांच्या देखत व्हायच्या, आणि एकाची चूक पंधरा जणांच्या उपयोगी पडायची. आता चूक बंद दाराआड होते आणि बाहेर येतो तो फक्त चांगला व्हिडिओ.

हे मी खालच्या क्लासमधल्या एका दहावीतल्या मुलीला सांगत होतो. ती हुशार आहे, तोंडाळही आहे. सध्या मारवा शिकते. मारवा, पुरिया, सोहनी हे त्रिकूट माहीतगारांना माहीत आहे. कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम गायब, स्वर तिन्हींत तेच, आणि तिन्हींची घरं वेगळी. मारव्यात रिषभ-धैवताचं राज्य, पुरियात गंधार-निषादाचं, सोहनी वरच्या षड्जाभोवती. ती म्हणाली, "काका, मी उस्ताद अमीर खाँचा मारवा वीस वेळा ऐकलाय. तुम्ही कधी ऐकला होता पहिल्यांदा?" मी विशारद झाल्यावर. "मग? मी शिकतानाच मोठ्यांचं ऐकायलेय आणि तुम्ही तुमच्यासारख्याच चुकणाऱ्यांचं ऐकत बसलात."

मी म्हटलं, खाँसाहेब मारवा काय आहे ते दाखवतात, पण तो नेमका कुठं निसटून पुरिया होतो ते ते कसं दाखवणार? त्यांचा कधी निसटतच नाही. त्यासाठी शेजारी चुकणारा माणूस लागतो.

तिनं जरा विचार केला. "मग तुमच्या क्लासातल्या चुकांचं रेकॉर्डिंग आहे का?"

कुठलं असणार.

दोन दिवसांनी तिनं क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्वतःचा एक आलाप टाकला, खाली लिहिलं, "हा फसलाय. कुठं ते सांगा." बाईंनी मला जिन्यात थांबवून दाखवला. आधी कुणी काही बोललं नाही, मग एकीनं लिहिलं, गंधारावर जास्त थांबलीस. दुसऱ्या दिवशी आणखी तिघांनी आपापले टाकले. त्यातल्या एकाचा चक्क पुरिया होता. त्याला मात्र तो अजून मारवाच वाटतो, आणि ग्रुपवर त्यावरून भांडण चालू आहे.